वरचा झिरा

आमच्या गावाला नदी होती आणि ती जातवार वाहायची. हे मी थट्टेनं लिहीत नाही. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना माहीत आहे.

नदी लहान. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या पठाराखाली कुठंतरी सागवानात ती उगवते आणि डोंगरातून मोठ्या तोऱ्यात खाली येते. सपाटीला आली, काळी जमीन लागली, की तिचा तोरा जिरतो. मग ती कपाशीच्या शेतांमधून रेंगाळत, वळणं घेत, तेल्हाऱ्याच्या अंगानं खाली जाते आणि पूर्णेला मिळते. आमच्या गावाशी तिची तीन वळणं होती. दिवाळीपर्यंत पाणी खळाळतं, संक्रांतीला घोट्याएवढं उरतं, आणि होळीनंतर बघावं तर नुसती रेती. परक्या माणसाला वाटावं, नदी मेली. पण ती रेतीखालून वाहत असे आणि सगळं गाव तिच्यावर जगत असे.

कारण गावातल्या विहिरी खाऱ्या. पूर्णेच्या खोऱ्यातली ती सगळी जमीनच खारपाण. मी अमरावतीची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी आडाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. सगळे हसले. धाकट्या सुनेचं हे पहिलं कौतुक. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ चार घटका चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्यापासून हलत नाही. म्हणून आमच्याकडे पाण्याची परीक्षा एकच होती. डाळ शिजली तर पाणी गोड, नाही शिजली तर खारं. याच्यापुढे पाण्याबद्दल कुणाला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

रंगपंचमी झाली की नदीच्या रेतीत झिरे खणत. हात-दीड हात खोल खड्डा, त्यात चहूकडून पाणी पाझरून जमतं, ते करवंटीनं उपसून घागरीत भरायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेती काढायची. पण झिरा कुणी कुठंही खणायचा नाही. सगळ्यात वर, पहिल्या वळणाशी, आमचा झिरा, म्हणजे ब्राह्मणांचा. खणायला कोळी यायचा, पण खणून तो बाजूला झाला की गोमूत्र शिंपडून झिरा सोवळा. त्याच्याखाली कुणब्या-माळ्यांचे. मग तेल्यांचा, मग इतरांचे. आणि तिसऱ्या वळणापलीकडे, जिथं आमराईतून येणारा एक नाला नदीला मिळतो तिथं, सगळ्यांच्या खाली, महारवाड्याचा. पाणी वरून खाली येतं, तेव्हा जो वर त्याचं पाणी कुणाचं उष्टं नाही, असा हिशेब. तो कुणी शिकवावा लागत नसे. आमच्याकडची तीन वर्षांची पोरसुद्धा तिसऱ्या वळणापलीकडे पाऊल टाकत नव्हती.

आमच्या झिऱ्याची रेती पिवळी, जाड. आमराईच्या नाल्याखाली रेती काळी आणि मऊ होती. हे मला पुढं कळलं.

घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, तालुक्याच्या कोर्टात वकील. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. थोरले दीर वडिलांच्याच हाताखाली वकिली शिकत होते. आमचे हे अकोल्याला हायस्कुलात मास्तर, शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. म्हणजे घर चालायचं ते जाऊबाई आणि मी यांच्यावर. जाऊबाई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. सोवळ्याला इतक्या कडक की ओल्या लुगड्यानं नदीवरून येताना कुणाची सावली पडली तर पुन्हा मागं फिरायच्या. पण स्वभावानं गरीब. मला माहेरची आठवण येऊन रडू आलं की त्या काही न बोलता माझ्या वाटणीची भांडी घासून टाकत. पुढं भांडी त्यांच्याकडेच गेली आणि धुणं माझ्याकडे, ती वाटणी मग तशीच राहिली.

त्यांना एकच मुलगा, दोन वर्षांचा. मला एक मुलगी, त्याच्याहून चार महिन्यांनी लहान. मामंजींचा नातवावर जीव. नातीवर नव्हता असं नाही, पण बाजारातून खाऊ यायचा तो एकच.

मग जिन आला. आमच्या भागात जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तशी वऱ्हाडात तेव्हा गावोगाव धुराडी उभी राहत होती. वऱ्हाड नावाला निजामाचा, कारभार मध्यप्रांताचा, आणि कापूस मुंबईवाल्यांचा. आमच्या गावी बाहेरच्या एका शेठनं जिन काढला, आणि जागा निवडली पहिल्या वळणाच्या वर, आमच्या झिऱ्याच्या दोन शेतं पलीकडे, कारण बॉयलरला नदीचं पाणी जवळ हवं. जागेचे कागद मामंजींनी केले. वर्षानुवर्षं गावाला वर-खाली शिकवणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही की आता सगळ्यात वर आपण नाही, जिन आहे. शेठ जातीनं चांगला होता ना, झालं.

पहिल्या वर्षी काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी जिन रात्रंदिवस चालला. मजुरीची दोन-तीनशे माणसं नदीच्या काठावर ताटव्यांच्या झोपड्या करून राहिली, त्यांचं सगळं काही नदीत. सडक्या सरकीचे ढीग काठाला. बॉयलरचं गरम, तेलकट पाणी एका मोरीतून रोज संध्याकाळी रेतीत सोडत. ते दिसत नसे. रेती ते गिळून टाकत असे. सकाळी झिऱ्यावर गेलं की पाणी तसंच, स्वच्छ दिसणारं. फक्त करवंटी बुडवली की वर एक सायीसारखा पापुद्रा हलायचा. जाऊबाई तो हातानं बाजूला सारून पाणी भरायच्या. म्हणायच्या, "उन्हानं येतं ते."

फाल्गुन संपता संपता दोन्ही मुलांना एकदमच हगवण लागली. दोन दिवस आम्ही घरचं औषध केलं, सुंठ, बेलफळ, मुरडशेंग. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. तरुण होते, नागपूरकडून नवीनच बदलून आलेले. त्यांनी मुलांची पोटं दाबली, जिभा पाहिल्या आणि विचारलं, पाणी कुठलं? मी सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या गल्लीतल्या नऊ घरांत हेच आहे. खालच्या वस्त्यांत नाही. पाणी उकळून पाजा, आणि तो झिरा बंद करा."

डॉक्टरांनी तेवढ्यावर न थांबता वर कागद लिहिला. जिनाची मोरी बंद करा, असा. आठ दिवसांत अकोल्याहून एक साहेब चौकशीला आले. आपलेच, मराठी, पगडीवाले. ते उतरले आमच्याकडे, कारण गावात उतरण्यासारखं घर आमचंच, आणि शेठचे वकील मामंजीच.

मामंजींनी त्या दिवशी जे केलं ते मी माझ्या हातांनी केलं, म्हणून त्यातला दोष मला पुरता कुणावर टाकता येत नाही. त्यांनी अंगणात दोन चुली मांडायला लावल्या. एकीवर आडाचं पाणी, एकीवर आमच्या झिऱ्याचं. दोन्हींत सारखी तुरीची डाळ, मोजून. ती मी घातली. साहेब खुर्चीवर, गावची चार माणसं बाकावर, डॉक्टर उभे. दोन घटकांत झिऱ्याच्या पाण्यातली डाळ उकलून लोण्यासारखी झाली. आडाच्या पाण्यातली तशीच टणक. मामंजींनी पळीभर डाळ काढून साहेबांपुढे धरली आणि म्हणाले, "साहेब, ज्या पाण्यात डाळ अशी शिजते त्या पाण्याला वाईट म्हणायचं, मग चांगलं कशाला म्हणायचं ते डॉक्टरसाहेबांनी सांगावं."

बाकावरची माणसं माना डोलवू लागली. जिनाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, ती मनापासून डोलत होती. डॉक्टर म्हणाले, डाळीचा आणि रोगाचा काही संबंध नाही. त्यांच्याकडे सगळ्यांनी कीव करून पाहिलं. नागपूरकडचा माणूस, त्याला खारपाण काय कळणार. साहेब हसले. मग त्याच डाळीचं वरण झालं, भात झाला, साजूक तूप झालं. मी वाढलं. साहेबांनी दोनदा वरण मागून घेतलं आणि दुपारी टांग्यात बसण्याआधी पाणी पिण्यास योग्य आहे असं लिहून दिलं.

त्या संध्याकाळी मी मुलांसाठी पाणी चुलीवर ठेवलं तेव्हा मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ते तिथं कधी येत नसत. म्हणाले, "पाणी उकळायचं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले होते."

"पाणी उकळलं म्हणजे पाणी वाईट आहे हे आपणच कबूल केलं. उद्या डॉक्टर लिहील, वकिलाच्या घरी पाणी उकळून पितात. मग मी सांगितलेलं कोण ऐकणार?"

ते ओरडले नाहीत. त्यांना कधी ओरडावं लागत नसे. जाऊबाईंनी उठून पातेलं खाली उतरवलं. बाहेर ओटीवर बसलेल्या माणसाला स्वयंपाकघराचा धूर दिसतो, आणि मामंजी सगळा दिवस ओटीवर. आम्ही पाणी उकळणं सोडलं. मी अमरावतीला चार बुकं शिकलेली बाई होते. मी ते पातेलं पुन्हा चुलीवर ठेवायला हवं होतं.

मुलं आणखी खालावली. माझी मुलगी चालत होती ती बसायला लागली, मग बसायचीही बंद झाली. रोज दुपारी मी दुपटी धुवायला नदीवर जायची. घाणेरडे कपडे वर धुवायचे नाहीत म्हणून दुसऱ्या वळणाच्याही खाली, एका डबक्याशी. तिथून महारवाड्याचा झिरा दिसत असे. तिथं पाणी भरणारी एक बाई होती, माझ्याच वयाची, कडेवर मूल. तिनं तीन दिवस माझी दुपटी पाहिली. चौथ्या दिवशी लांबूनच बोलली.

"बाई, बिमार हाये का लेकरू?"

मी मान हलवली.

"वरचं पानी नका पाजू. थे जिनाची मोरी सुटते ना सांजच्याले, थे थेट तुमच्या झिऱ्यात जाते. रेतीतून येता येता खाली साफ होते. आन् आमच्याकडं तं आमराईचं पानी येते नाल्यातून. आमच्या वस्तीत एक लेकरू बिमार नाई, पाहा."

तिच्या कडेवरचं पोर गुटगुटीत होतं. त्यानं माझ्याकडं पाहून हात हलवला. मला त्याचा राग आला. हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुपट्यांच्या बोचक्यात फिरकीचा तांब्या नेला. माहेराहून आलेला, प्रवासात नेतात तो, आट्यांच्या घट्ट झाकणाचा. दुपारची वेळ, नदीवर चिटपाखरू नव्हतं, ती तेवढी होती. मी तिसरं वळण ओलांडलं. ती घाबरून मागं सरली. म्हणाली, "बाई, कोनी पाह्यलं तं तुमाले काई नाई होनार. आमचे हातपाय मोडतीन."

ती खरंच सांगत होती. मग तीच म्हणाली, "भरा. तुमीच भरा, मी हात नाई लावत. मी तिकडं वर उभी राह्यतो, कोनी आलं तं खाकरतो." आणि मूल घेऊन ती काठावर जाऊन उभी राहिली, माझ्याकडं पाठ करून.

त्या झिऱ्याचं पाणी मी ओंजळीत घेतलं. त्याच्यावर पापुद्रा नव्हता. गार होतं आणि किंचित आंब्याच्या पाल्याचा वास होता. तळाची रेती काळी दिसत होती.

तांब्या मी माजघरात ज्वारीच्या कणगीमागं ठेवायची. रिकामा झाला की तो इतर भांड्यांबरोबर घासायला जायचा. मुलीला तेच पाणी पाजायची, वरच्या पाण्याचा थेंब नाही. चार दिवसांत तिची हगवण कमी झाली. सहाव्या दिवशी तिनं भात मागितला.

जाऊबाईंचा मुलगा त्याच माजघरात, दुसऱ्या भिंतीशी. तो तेच वरचं पाणी पीत होता. मी रोज ठरवायची, आज सांगते. मग त्या ओल्या लुगड्यानं नदीवरून यायच्या, वाटेत कुणाची सावली पडली म्हणून दोनदा डोक्यावरून पाणी घेऊन आलेल्या, आणि माझी जीभ रेटायची नाही. त्यांनी मामंजींना सांगितलं तर? मला माहेरी धाडतील ते धाडतील, माझ्या मुलीचं पाणी बंद होईल. आणि काठावर पाठ करून उभी राहणारी ती बाई, तिचं काय होईल? अशी मी माझी समजूत घालायची. त्यातलं पहिलं कारण खरं होतं आणि दुसरं मी नंतर जोडलं.

ते पाणी आणू लागल्याच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी मी तांब्या उघडला तर त्यातलं वाटीभर पाणी कमी होतं. मी मुलीला पाजलं होतं ते मला ठाऊक होतं, त्याहून कमी. मी जाऊबाईंकडं पाहिलं. त्या मुलाचे पाय चेपत बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सांगायला नको, बोलायला नको, त्यांना कळलं आणि त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या गळ्यापर्यंत भरून आणू लागले आणि कणगीच्या मागं नाही, बाजूला ठेवू लागले, हाताला येईल असा. रोज वाटीभर कमी व्हायचं. आम्ही दोघी एका शब्दानं त्यावर बोललो नाही.

मुलगा अकराव्या दिवशी गेला.

आल्यागेल्या बाया बोलायच्या ते माझ्या समोरच. नऊ घरांतली तीन मुलं गेली होती, आमच्याकडचं एक. एक म्हातारी माझ्या मुलीकडं बोट करून म्हणाली, "देवाला दोन्हींतलं तेच न्यायला सापडलं." मामंजी ओटीवर बसून राहायचे. त्यांनी स्वतःच्या पाण्याचं भांडं त्या दिवसापासून उकळून आणायला सांगितलं. कुणाला काही कळायचं राहिलं नव्हतं. जिनाची मोरी तशीच राहिली. गोमूत्र शिंपडून पुढच्या वर्षी वरचा झिरा पुन्हा तिथंच खणला. डॉक्टरांची बदली झाली.

ती बाई मला पुन्हा भेटली नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दिसायची. पाणी भरायची. मी माझी दुपटी धुवायची. मुलगी बरी झाल्यावर मला तिसऱ्या वळणापलीकडं काही काम नव्हतं, आणि मी गेले नाही. ती एकदा लांबूनच म्हणाली, "बरी हाये ना बाई पोरगी?" मी मान हलवली. एवढंच तिला मिळालं.

मी मात्र वाटीभर पाण्यावर पुष्कळ वर्षं काढली. मुलगा गेला तो गेला, पण त्यालाही ते पाणी मिळालं होतं. उशिरा मिळालं, त्याचा रोग जास्त होता, त्याचं आयुष्य तेवढंच. मी माझं एकटीचं वाचवून गप्प बसले नव्हते. जाऊबाईंना पुन्हा मूल झालं नाही. त्यांनी माझी मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, तिच्या बाळंतपणात उन्हाळाभर पाणी उकळलं. कधी तिच्याकडं वाकडं पाहिलं नाही. त्यांच्याकडं पाहून मला वाटायचं, बरं झालं, त्या वेळी आम्ही दोघींनी मिळून केलं ते केलं.

चाळीस वर्षांनी त्या अकोल्याला माझ्या घरी अंथरुणाला खिळून होत्या. गावी तेव्हा नळ आला होता, नदीला आता झिरे कुणी खणत नव्हतं, खणले तरी काळंच पाणी लागलं असतं. दुपारची वेळ होती. मी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होते. त्यांनी माझा हात थांबवला.

"तुझ्या त्या फिरकीच्या तांब्याच्या आट्यांत काळी रेती असायची," त्या म्हणाल्या. "घासताना माझ्या नखांत जायची. आपल्या झिऱ्याची पिवळी."

मी म्हटलं, "मला माहीत होतं तुम्हाला कळलंय ते. मी म्हणून तर जास्त आणत होते."



"मी वाटीत ओतून घ्यायची," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडापर्यंत न्यायची. तो तोंड उघडायचा. मग माझा हात पुढं जायचा नाही. मी ओतून द्यायची. तुळशीत नाही, मोरीत."

मी चमचा भांड्यात ठेवला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून ठेवायचीस."